लेखनिक शोधणं हे विद्यार्थ्याचं काम नाही

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू



मुंबईपासून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठापर्यंत दर सत्राला परीक्षांची लगबग सुरू होते. वेळापत्रकं लागतात, केंद्रं ठरतात, हॉल तिकिटं निघतात. नेमक्या त्याच दिवसांत आपल्या संलग्न महाविद्यालयांतली काही मुलं अभ्यास बाजूला ठेवून फोन करत बसलेली असतात. ‘तुमच्या ओळखीत बारावीला शिकणारं कुणी आहे का? अक्षर बरं असलेलं? चौदा, सोळा आणि एकोणीस तारखेला सकाळी चार तास मोकळं?’ कुणाला दिसत नाही, कुणाचे हात चालत नाहीत, कुणाला सेरेब्रल पाल्सीमुळे पेन धरता येत नाही. पेपर लिहायला त्यांना लेखनिक लागतो आणि तो शोधून आणण्याचं काम आपण त्यांच्याच गळ्यात घातलेलं आहे.

मी तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. वाचनालयात ही मुलं जास्त वेळ बसतात, त्यामुळे त्यांच्या अडचणी आधी माझ्या कानावर येतात. लेखनिक मिळवून देणं, नोट्स स्कॅन करून देणं, अर्जावर कुणाची सही राहिली ते बघणं, हे माझ्या कामाच्या यादीत कुठे लिहिलेलं नाही, पण ते होत आलं आहे. माझ्यासारखे शिक्षक, कारकून, शिपाई बऱ्याच महाविद्यालयांत आहेत, आणि त्यांच्या चांगुलपणावर आज ही सगळी व्यवस्था उभी आहे. असा माणूस ज्या महाविद्यालयात नसतो, तिथल्या मुलाला कुणीच नसतं.

माझी मागणी एकच आहे. दिव्यांग विद्यार्थ्यानं आपली गरज प्रवेशाच्या वेळी एकदा सांगावी, आणि तिथून पदवी हातात पडेपर्यंतची धावपळ महाविद्यालयानं आणि विद्यापीठानं करावी.

कायदा आपल्याला ठाऊक आहे, तरी दोन-तीन गोष्टींची आठवण करून देते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या डिसेंबरात झाला आणि 19 एप्रिल 2017 पासून लागू आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कलम 17 मध्ये परीक्षेतला जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. कलम 32 प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत. आणि भेदभावाच्या व्याख्येतच असं म्हटलं आहे की गरजेप्रमाणे वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव. आमच्याकडे कुणी भेदभाव करत नाही, असं प्रत्येक महाविद्यालय मनापासून सांगतं. पण कायदा मनात काय आहे ते विचारत नाही. सोय केली की नाही, एवढंच विचारतो.

आता संख्या बघा. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणाच्या 2021-22 च्या अहवालात देशभरातले विद्यार्थी सुमारे 4 कोटी 33 लाख आहेत आणि त्यांतले दिव्यांग सुमारे 88 हजार. म्हणजे पाचशे मुलांमागे एक. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतलं दिव्यांगांचं प्रमाण 2.21 टक्के होतं, आणि ते कमीच मोजलं गेलं असं या क्षेत्रातली माणसं सांगतात. पाच टक्के राखीव जागा आणि पाचशेत एक विद्यार्थी यांच्यामधलं अंतर मोठं आहे. दिव्यांग मुलांपैकी कितीतरी बारावीपर्यंतच गळालेली असतात, हे खरं आहे. पण काही महाविद्यालयात असूनही आकड्यात दिसत नाहीत, कारण ती सांगत नाहीत. सांगून काही मिळत नाही आणि वर चारचौघांत चौकशी होते, हे त्यांना शाळेतच कळलेलं असतं.

आता लेखनिकाकडे येते, कारण या पत्राचं मुख्य दुखणं तेच आहे.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं 29 ऑगस्ट 2018 ला लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. उमेदवारानं लेखनिक स्वतः आणावा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे मागावा, दोन्ही पर्याय त्यांत होते. संस्थेनं लेखनिकांची यादी तयार ठेवावी, परीक्षेच्या दोन दिवस आधी उमेदवाराला लेखनिकाला भेटू द्यावं, तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ द्यावा, हेही त्यांत होतं. विद्यापीठांनी यातला पहिला पर्याय तेवढा उचलला. स्वतःचा लेखनिक आणा, त्याचं ओळखपत्र आणा, बोनाफाईड आणा, दोन फोटो आणा, अर्जावर प्राचार्यांची सही घ्या आणि अमुक तारखेच्या आत परीक्षा विभागात जमा करा. यादी बनवण्याचा भाग राहूनच गेला.

स्वतःचा लेखनिक आणणं म्हणजे काय, ते जवळून सांगते. विद्यार्थी बी. ए.ला असेल तर लेखनिक त्याच्याहून खालच्या वर्गातला हवा. म्हणजे बहुतेक वेळा अकरावी-बारावीचा. त्या मुलाच्या चाचण्या, प्रॅक्टिकल, क्लास याच दिवसांत असतात. त्याच्या आईवडिलांची परवानगी लागते. सहा पेपर असतील तर एकच मुलगा सहाही दिवस येईल याची खात्री नसते, म्हणून दोन-तीन जण हाताशी ठेवावे लागतात आणि प्रत्येकाची कागदपत्रं वेगळी. येण्याजाण्याचं भाडं आणि नाश्ता विद्यार्थी स्वतःच्या खिशातून देतो. शहरात निदान स्वयंसेवकांचे व्हॉट्सॲप गट आहेत. पुण्या-मुंबईत निरोप टाकला तर कुणीतरी धावून येतं. तालुक्याच्या गावात तसं काही नाही. तिथे चुलतभाऊ, शेजारचा मुलगा, नाहीतर वाचनालयातल्या बाईंच्या ओळखीचं कुणीतरी.

आमच्याकडच्या एका मुलीचा अर्थशास्त्राचा पेपर होता. ती पूर्ण अंध, अभ्यासात पक्की. सकाळी साडेसातला लेखनिकाचा फोन आला की त्याचं प्रॅक्टिकल अचानक आजच ठेवलं आहे. दुसरा मुलगा मिळाला, पण तो अकरावी विज्ञानाचा. लेखनिक बदलायला नवीन अर्ज, नवी सही. परीक्षा विभागानं तो मंजूर करेपर्यंत पेपर सुरू झालेला होता. खोली तळमजल्यावरची, सामानाची, एका बाजूला जुनी बाकं रचलेली. दोघं बसली. मागणीच्या लवचिकतेवर प्रश्न होता आणि आकृती काढा असं म्हटलं होतं. मुलीनं सगळं तोंडी सांगितलं: आडव्या अक्षावर मागणी, उभ्या अक्षावर किंमत, वक्र डावीकडून उजवीकडे खाली उतरणारा. त्या पोरानं अर्थशास्त्राचं पुस्तक कधी उघडलेलं नव्हतं. त्यानं वक्र वर चढवला. तिला ते दिसणार कसं? पर्यवेक्षकांना बोलायची मुभा नव्हती, आणि असती तरी त्यांचा विषय भूगोल होता. पेपर संपल्यावर बाहेर त्या मुलानं मला आकृती हवेत काढून दाखवली तेव्हा ती उलटी निघाल्याचं कळलं. तपासनिसानं त्या आकृतीचे गुण कापले असतील तर तपासनिसाचं काही चुकलं नाही, आणि त्या मुलीचंही नाही. दृश्य माहिती लागणाऱ्या प्रश्नांना अंध उमेदवारांसाठी पर्यायी प्रश्न असावेत, असं त्याच मार्गदर्शक सूचनांत लिहिलेलं होतं. आमच्या प्रश्नपत्रिकेत तसा पर्याय नव्हता.

जादा वेळेचंही तेच. तीन तासांच्या पेपराला एक तास, दोन तासांच्या पेपराला चाळीस मिनिटं, हिशेब सरळ आहे. पण बाकीचं केंद्र रिकामं झालेलं असतं. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधून तयार असतात, शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा असतो, पुढच्या सत्राचे विद्यार्थी व्हरांड्यात जमायला लागतात, आणि कुणीतरी दर पाच मिनिटांनी डोकावून ‘झालं का?’ विचारतं. त्या प्रश्नाखाली चाळिसातली वीस मिनिटं तरी वाया जातात. हा दोष एकट्या शिपायाचा नाही. केंद्राच्या वेळापत्रकात तो जादा तास कुणी धरलेलाच नसतो.

याची किंमत काय होते, ते देशानं 2021 मध्ये पाहिलं. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली अक्षमता, असलेल्या एका मुलीला त्या वर्षीच्या नीट परीक्षेत हक्काचा जादा तास मिळाला नाही. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 23 नोव्हेंबर 2021 च्या निकालात न्यायालयानं परीक्षा पुन्हा घ्यायला सांगितलं नाही, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेला जबाबदार धरलं आणि त्या मुलीवरचा अन्याय कसा दूर करता येईल ते ठरवायला आठवडा दिला. त्याआधी 11 फेब्रुवारी 2021 ला, विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात, लिहिण्याची अडचण असलेल्या उमेदवाराला चाळीस टक्क्यांच्या अटीविना लेखनिक मिळाला पाहिजे असं त्याच न्यायालयानं सांगितलं होतं. हे निकाल आपल्या विधी विभागांकडे नक्कीच आहेत. महाविद्यालयाच्या खिडकीवर बसलेल्या कारकुनापर्यंत ते पोचलेले नाहीत. तो अजूनही ‘चाळीस टक्क्यांचं आहे का?’ एवढंच विचारतो, कारण त्याला मिळालेल्या छापील अर्जात तेवढंच विचारलेलं आहे.

लेखनिक शोधणं विद्यापीठाला शक्य आहे का? माझ्या मते ते महाराष्ट्रात इतर कुठल्याही राज्यापेक्षा सोपं आहे. आपल्या कितीतरी वरिष्ठ महाविद्यालयांना जोडून कनिष्ठ महाविद्यालय आहे. बी. ए.च्या विद्यार्थ्याला चालणारा लेखनिक त्याच आवारात, समोरच्या इमारतीत बसलेला असतो. त्याच्या चाचण्यांचं वेळापत्रक त्याच कार्यालयात तयार होतं. दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवून नावं नेमायला कार्यालयाला एक दुपार लागेल. विद्यार्थ्याला त्यासाठी महिनाभर फिरावं लागतं. दुसरं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास सेवा करायची असते. लेखनिक म्हणून दिलेले तास, त्यासाठीच्या प्रशिक्षणासह, त्यात मोजा. पहिल्या वर्षाची मुलं तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी लिहू शकतील. त्यांना आधी दोन तास बसवून शिकवा: सांगितलेलं शब्दशः लिहायचं, स्वतःचं घालायचं नाही, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, आकृती काढताना दिशा विचारायची, इंग्रजी संज्ञेचं स्पेलिंग विचारून घ्यायचं. हे दोन तास सध्या कुणीच देत नाही. आपण लेखनिकाची ओळख तपासतो, पात्रता तपासतो, आणि त्याला लिहिता येतं की नाही हे मात्र विद्यार्थ्याच्या नशिबावर सोडतो.

आणि पुष्कळांना लेखनिक नकोच असतो. संगणकावर स्वतः टाइप करून उत्तरं लिहिण्याचा पर्याय 2018 च्या सूचनांतही होता. एनव्हीडीए हा पडदावाचक, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, फुकट मिळतो आणि तो मराठीही वाचतो. इंटरनेट काढलेला एक संगणक, एक हेडफोन, एक प्रिंटर आणि पर्यवेक्षक, एवढ्यात काम होतं. आमच्याकडची जी मुलं मोबाइलवर मराठीत झरझर निरोप लिहितात, त्यांना परीक्षेत दुसऱ्याच्या हातावर का अवलंबून ठेवायचं? परीक्षा व मूल्यमापन मंडळानं हा पर्याय लेखी मान्य केला तर केंद्रप्रमुखांची भीती जाईल. आज त्यांना नियमच माहीत नसतो, त्यामुळे ते परवानगी द्यायला धजत नाहीत, आणि सावध कारभाऱ्याकडून दुसरी अपेक्षाही करता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानंतर एक गोष्ट आणखी अवघड झाली आहे, तिच्याकडे मुद्दाम लक्ष वेधते. आपले सगळे नियम सत्राच्या शेवटच्या लेखी परीक्षेसाठी आहेत. पण आता गुणांचा मोठा वाटा अंतर्गत मूल्यमापनाचा आहे: वर्गातली अचानक घेतलेली चाचणी, वीस गुणांची ऑनलाइन प्रश्नमंजूषा, गटानं केलेलं सादरीकरण, क्षेत्रभेटीचा अहवाल. मंगळवारी तासाला जाहीर झालेल्या आणि गुरुवारी घेतलेल्या चाचणीसाठी लेखनिकाचा अर्ज कुठे करायचा? ऑनलाइन प्रश्नमंजुषेला वेळ लावलेला असतो, तो वाढवून मागायचा कुणाकडे? अडखळत बोलणाऱ्या मुलाला सादरीकरणात बोलण्याच्या ओघाचे गुण द्यायचे की नाहीत? शिक्षक आपापल्या परीनं मार्ग काढतात. कुणी तोंडी परीक्षा घेतो, कुणी सरासरी गुण देऊन टाकतो. सरासरी गुण देणारा दयाळूपणे वागत असतो, पण त्या मुलाला काय येतं हे त्यात कधीच कळत नाही. हुशार दिव्यांग विद्यार्थ्यावर याहून मोठा अन्याय मला तरी सांगता येणार नाही.

आता माझ्या खात्यातलं.

वाचनालयात अंध विद्यार्थी येतो तेव्हा त्याला द्यायला माझ्याकडे पुस्तक असतं, पण त्याला वाचता येईल असं नसतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं अशा वाचकांसाठी पुस्तक त्यांना वाचता येईल अशा स्वरूपात बदलायला परवानगी दिली आहे. अशाच परवानगीसाठी झालेला आंतरराष्ट्रीय मराकेश करार 2014 मध्ये मान्य करणारा भारत हा जगातला पहिला देश होता. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. तरीही पुस्तक स्कॅन करायला घेतलं की सहकारी घाबरून विचारतात, ‘प्रकाशकानं केस केली तर?’ विद्यापीठानं प्रत्येक ग्रंथालयाला एका पानाचं पत्र काढून सांगावं की हे कायदेशीर आहे, अमुक नोंद ठेवा आणि करा. एवढ्यानं शेकडो स्कॅनर कामाला लागतील.

पण मराठी माध्यमातल्या मुलाची त्याहून मोठी अडचण फाँटची आहे, आणि ती फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षक नोट्स देतात, त्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतात. डोळ्यांना ‘राष्ट्रीय उत्पन्न’ असं स्वच्छ दिसतं. पण फायलीच्या आत रोमन अक्षरं, कंस, टक्क्यांची चिन्हं असतात, आणि पडदावाचक तीच वाचतो. मी एकदा हेडफोन लावून अशा नोट्सचं एक पान ऐकलं. पहिल्या परिच्छेदानंतर मला पुढे ऐकवेना. ज्या मुलाला परवा पेपर आहे तो काय करत असेल? दुसऱ्या नोट्स असतात त्या हातानं लिहून मोबाइलवर फोटो काढलेल्या, वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेल्या. त्यांच्यावर पडदावाचक फक्त ‘इमेज’ म्हणतो आणि थांबतो. आणि महोदय, दिव्यांग विद्यार्थ्यांच्या सवलतींची परिपत्रकंसुद्धा पुष्कळदा सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून संकेतस्थळावर चढवलेली असतात. ज्याच्यासाठी ते परिपत्रक काढलं त्याला ते वाचताच येत नाही. कुणीतरी वाचून दाखवेल याची त्याला वाट बघावी लागते. युनिकोडमध्ये टाइप केलेली मूळ फाइल सोबत ठेवायला एक पैसा लागत नाही. प्रश्नपेढ्या, अभ्यासक्रम, दूरस्थ अभ्यासाची पुस्तकं, सगळं यापुढे युनिकोडमध्येच, असा एक आदेश आपल्या सहीनं निघाला तर एका वर्षात चित्र बदलेल.

हे कुठेतरी होतंही आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठीचं स्वतंत्र संसाधन केंद्र 2003 पासून चालतं. दिल्ली विद्यापीठानं 2006 मध्ये समान संधी कक्ष सुरू केला. आपल्याकडेही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या सांगण्यावरून कक्ष स्थापन झाले आहेत, फलक लागले आहेत. पण बहुतेक महाविद्यालयांत त्या कक्षाचा प्रमुख म्हणजे आधीच तीन समित्या सांभाळणारा एक प्राध्यापक असतो. त्याला वेगळा वेळ नाही, खोली नाही, खर्चाला चार पैसे नाहीत. मुलांना तो कोण हेच माहीत नसतं. त्याच्या कार्यभारातले आठवड्याचे चार तास तरी या कामासाठी मोकळे करा, आणि त्याचं नाव, वेळ, फोन नंबर माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापा.

रॅम्प आणि लिफ्टबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषासाठी रॅम्पचे जिओटॅग केलेले फोटो चढवले जातात. त्या रॅम्पचा उतार एकास बारा आहे का, वर गेल्यावर दार व्हीलचेअरला पुरेसं रुंद आहे का, स्वच्छतागृहात खुर्ची वळते का, हे समितीसोबत एखाद्या व्हीलचेअरवरच्या विद्यार्थ्यानं फिरून पाहावं. आणि लिफ्ट नसेल तिथे उद्यापासून करता येईल असा उपाय आहे: ज्या वर्गात असा विद्यार्थी आहे, तो वर्ग तळमजल्यावर भरवा. आमच्याकडे एका मुलासाठी हे सुचवलं तेव्हा वेळापत्रक समितीनं दोन खोल्यांची अदलाबदल केली आणि काम झालं. तोवर तो मुलगा मित्रांच्या खांद्यावर हात टाकून दुसऱ्या मजल्यावर चढत होता.

कर्णबधिर मुलांचं दुखणं वेगळं आहे. त्यांच्यासाठी वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी मला आमच्या जिल्ह्यात कुठे दिसलेला नाही. निदान फळ्याकडे तोंड करून न शिकवणं, तासाचे मुद्दे आधी देणं, बोललेलं मराठी अक्षरांत उतरवणारं मोबाइल ॲप वर्गात वापरू देणं, इतकं शिक्षकांना सांगता येईल. मोबाइलबंदीच्या नियमात एका मुलीचा फोन काढून घेतलेला मी पाहिला आहे. तो फोन हेच तिचं ऐकण्याचं साधन होतं.

शेवटी त्या मुलांविषयी, ज्यांच्याकडे बघून काहीच कळत नाही. अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, मानसिक आजार, सिकलसेल, थॅलेसेमिया हे सगळं एकवीस प्रकारांत आहे. विदर्भात, खानदेशच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे विद्यार्थी किती आहेत हे तिथल्या कुलगुरूंना मी सांगायला नको. वेदनांचा झटका आला की चार-आठ दिवस मूल उठत नाही, आणि मग 75 टक्के उपस्थितीसाठी त्याला विनवण्या कराव्या लागतात. अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत महाराष्ट्रानं 1996 पासून शालेय परीक्षांत सवलती दिल्या, त्या वेळी हे पाऊल मोठं होतं. तीच मुलं दहावी-बारावी पार करून महाविद्यालयात येतात आणि तिथे त्यांना विचारलं जातं, ‘आता मोठा झालास, अजून कशाला सवलत?’ डिसलेक्सिया अठराव्या वाढदिवशी जात नाही. प्रमाणपत्र दर सत्राला नव्यानं दाखवायला लावणं, पाय नसलेल्या मुलाला दर वर्षी पाय नसल्याचा दाखला मागणं, हे बंद व्हायला हवं. एकदा तपासलं, नोंद झाली, दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्राचा क्रमांक विद्यार्थ्याच्या खात्याला जोडला, की त्या खात्यातून परीक्षा विभागाला, ग्रंथालयाला, वर्गशिक्षकाला लागेल तेवढीच माहिती आपोआप गेली पाहिजे. कुठला आजार आहे ते नाही, काय सोय लागते एवढंच.

पैशाचा प्रश्न येणार. संगणक आणि स्कॅनर बहुतेक ठिकाणी आहेत. लेखनिकाला एका पेपरमागे प्रवासखर्च आणि थोडं मानधन दिलं, तर पाचशे मुलांमागे एक या हिशेबानं तीन हजार विद्यार्थ्यांच्या महाविद्यालयाला सहाच विद्यार्थ्यांचा खर्च येतो. परीक्षा शुल्कातून तो भागेल. पुढे ही संख्या वाढली, पाच टक्के जागा खरोखर भरल्या, तर खर्च वाढेल, आणि तो वाढावा अशीच माझी इच्छा आहे. 2022 च्या अखेरीस राज्यानं दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला आहे. त्याच्याकडे तेव्हा हक्कानं मागता येईल.

येत्या सत्राच्या परीक्षा अर्जापासून आपण एक गोष्ट करावी अशी माझी विनंती आहे. अर्जात एक रकाना वाढवा: ‘लेखनिक, संगणक, मोठ्या अक्षरांतली प्रश्नपत्रिका, जादा वेळ, तळमजला, यांपैकी काय हवं?’ लेखनिक हवा असं लिहिलं तर पुढे दोनच पर्याय ठेवा, ‘माझा मी आणतो’ आणि ‘महाविद्यालयानं द्यावा’. दुसऱ्या पर्यायावर खूण करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव परीक्षेच्या पंधरा दिवस आधी प्राचार्यांकडे जावं, आणि पेपराच्या दोन दिवस आधी लेखनिकाशी त्याची भेट झाल्याची दोघांची सही केंद्राकडे यावी. सही नसेल तर विद्यापीठानं प्राचार्यांना विचारावं, विद्यार्थ्याला नाही. किती जण दुसऱ्या पर्यायावर खूण करतात, तो आकडा आपण जाहीर करावा. लेखनिकांच्या प्रशिक्षणासाठी आमचं वाचनालय आणि माझा वेळ मी आताच देऊ करते. माझ्यासारखे आणखी बरेच जण पुढे येतील, त्यांना बोलावणारं एक परिपत्रक आपल्याकडून यायला हवं. आणि ते युनिकोडमध्ये असावं.

आपली नम्र,
तालुक्यातल्या एका महाविद्यालयाची ग्रंथपाल